हंगेरीची लोककला आणि ती घडविणारे हात



आजच्या व्याख्यानाचा विषय हंगेरीची लोककला हा आहे. कामगार संघटनेच्या कामात उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने मजुरी आणि महागाई सोडून परदेशातील भरतकामावर व मडक्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही शाळा मध्येच सोडली; पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा सौंदर्यशास्त्र सांगण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. परंतु हाताने केलेली कोणतीही वस्तू समोर आली की तीन प्रश्न विचारण्याची सवय आम्हाला कामानेच लागली आहे. ही कोणी केली? कच्चा माल कोणाचा होता? आणि करणाऱ्याच्या हाती काय पडले? हेच तीन प्रश्न हंगेरीच्या लोककलेला विचारावेत, एवढाच आजचा हेतू आहे.

हंगेरी हा मध्य युरोपातील देश. डॅन्यूब आणि तिसा या दोन नद्यांच्या सपाट खोऱ्यात वसलेला. लोकसंख्या एक कोटीच्या आत. भाषा भोवतालच्या सगळ्या देशांहून निराळी. या लहानशा देशाची ओळख जगाला ज्या गोष्टींनी होते, त्यांत तेथील लोककलेचा क्रम फार वरचा आहे. मात्यो लोकांचे तांबड्या गुलाबांनी गच्च भरलेले भरतकाम, कालोचा गावच्या बायकांनी रंगविलेल्या भिंती, किश्कुनहालाशची कोळ्याच्या जाळ्यासारखी लेस, नीळवून पांढरी नक्षी उठविलेले कापड, धनगरांनी कोरलेल्या शिंगाच्या मिठाण्या, नववधूच्या ट्यूलिप फुलांच्या पेट्या, मिशाळ शिपायाच्या आकाराचा 'मिश्का' नावाचा दारूचा कुंभ, अशी ही संपत्ती आहे.

या संपत्तीविषयी एक समजूत सर्वत्र आढळते. हे सारे अनादी काळापासून चालत आले, शेतकऱ्याने फावल्या वेळात आनंदासाठी केले, असे प्रवासी पुस्तकांत लिहिलेले असते. वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. आज आपण ज्याला हंगेरियन लोककला म्हणून ओळखतो तिचा बहुतेक भाग अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत फुललेला आहे. त्याला तारीख आहे, कारण आहे, आणि हिशेबही आहे.

प्रथम 'स्यूर' या वस्त्राचे उदाहरण घेऊ. आपल्या घोंगडीसारख्या जाड, खळ झालेल्या लोकरी कापडाचा हा लांब अंगरखा. धनगर, गुराखी आणि शेतकरी तो खांद्यावर नुसता टाकीत. बाह्यांत हात घालण्याची रीत नव्हती. बाहीचे तोंड शिवून टाकीत आणि तिचा पिशवीसारखा उपयोग करीत. हा अंगरखा घरची बाई शिवीत नसे. तो शिवणारे शिंपी वेगळे होते, त्यांच्या श्रेणी होत्या, श्रेणींचे कडक नियम होते. पुढे या शिंप्यांनी त्यावर रंगीत कापडाचे तुकडे आणि भरतकाम चढविले, आणि 'त्सिफ्रा-स्यूर', म्हणजे नक्षीचा स्यूर, सर्वांना हवासा झाला. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम हंगेरीतील काही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी त्यावर बंदी घातली. गरीब माणूस ऐपतीबाहेर खर्च करतो, अशा अंगरख्यासाठी चोरीसुद्धा करतो, हे कारण दाखविले गेले. म्हणजे आज जे राष्ट्राचे भूषण म्हणून संग्रहालयात टांगलेले आहे, ते एके काळी गुराख्याच्या अंगावर सरकारला खुपत होते. गरिबाने सुंदर दिसावे ही गोष्ट सत्तेला नेहमीच संशयास्पद वाटत आली आहे.

याच स्यूरवरून निघालेला एक वाक्प्रचार सांगण्यासारखा आहे. मागणी घालायला गेलेला तरुण आपला अंगरखा मुलीच्या घरी मुद्दाम विसरून येई. सकाळी तो अंगरखा घराबाहेर ओसरीवर टांगलेला दिसला, की नकार समजावा. त्यावरून 'त्याचा स्यूर बाहेर ठेवला' असा शब्दप्रयोग रूढ झाला. आज हंगेरीत कोणी अंगरखा घेऊन मागणी घालायला जात नाही. परंतु एखाद्याला घरातून किंवा कामावरून काढून टाकले, तर हेच शब्द वापरतात. प्रेमाच्या नकाराची भाषा नोकरीच्या नकाराला लागू झाली, यात त्या समाजाचा सारा आधुनिक इतिहास सामावलेला आहे.

हा इतिहास १८४८ पासून वेगाने फिरला. त्या वर्षीच्या क्रांतीने वेठ आणि भूदासपणा रद्द केला. ज्यांच्याकडे कुळ म्हणून जमिनीचा तुकडा होता ते मालक झाले. १८६७ नंतर रेल्वे पसरली, धान्याला बाजार मिळाला, आणि शेतकऱ्याच्या घरात प्रथमच चार पैसे शिल्लक पडू लागले. शेतकऱ्याने हा पैसा डोळ्यांना दिसेल असा खर्च केला. पलंगावर उशांची रास, भिंतीवर रंगीत ताटल्या, वधूची रंगविलेली पेटी, अंगावर भरतकाम. जो काल मालकाच्या आज्ञेने उठत-बसत होता, तो आज आपले घर मजेने सजवीत होता. या नक्षीत स्वातंत्र्याचा उत्साह आहे असे आम्हास वाटते. त्याच सुमारास कारखान्यांतून रासायनिक रंगांचे स्वस्त सूत आणि लोकर गावच्या दुकानात आली. जुन्या कामात एक-दोन रंग असत. नव्यात तांबडा, निळा, पिवळा, जांभळा यांची गर्दी झाली. ज्या भडक रंगांना आपण पुरातन समजतो ते गिरणीच्या सुताबरोबर आले. यंत्राने हस्तकला मारली हे खरे. पण मारण्यापूर्वी काही काळ तिला खाऊ-पिऊही घातले, हेही तितकेच खरे.

१८७२ साली कायद्याने कारागिरांच्या श्रेणी बरखास्त झाल्या. श्रेणीत जाच होता, उमेदवारीची लांबच लांब वर्षे होती. परंतु कामाचा दर्जा आणि भाव यांना एक कुंपणही होते. त्या काळचे श्रेणींचे मातीचे मोठे कुंभ आजही पाहावयास मिळतात. त्यांवर प्रमुख उस्तादांची नावे आणि साल घातलेले असते. श्रेणी गेली तशी मालावरची ही नावेही बरीचशी गेली. कारागीर बाजारात एकटा उभा राहिला.

आता निळीच्या कापडाकडे वळू, कारण त्याचा धागा थेट आपल्या देशाशी जुळलेला आहे. हंगेरीत या धंद्याला 'केकफेश्तो', म्हणजे निळे रंगविणारे, असे नाव आहे. कृती अशी. नासपतीच्या लाकडाचा ठसा कोरतात. बारीक ठिपक्यांसाठी त्यात पितळी खिळे ठोकतात. माती, डिंक आणि मोरचूद यांची खळ करून ती ठशाने पांढऱ्या कापडावर उठवितात. खळ वाळली की कापड लोखंडी कड्याला ताणून टांगतात आणि निळीच्या खोल कुंडीत सोडतात. कुंडीतून वर काढताना कापड पिवळट हिरवे दिसते. हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. जितक्या बुड्या तितका रंग गडद. शेवटी सौम्य आम्लात धुतले की खळ निघून जाते आणि निळ्यावर पांढरी नक्षी उमटते. मग खळ-इस्त्री आणि प्रचंड वजनाच्या दाबयंत्राखाली चकाकी. पश्चिम हंगेरीतील पापा या गावी क्लुगे घराण्याने १७८६ पासून हा धंदा केला. घराणे मूळ जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातले. त्यांच्या कारखान्यात १९६२ साली संग्रहालय झाले, आणि ठसे, कुंड्या, दाबयंत्र हे सारे जागच्या जागी जतन झाले.

युरोपला निळीचे आणि खळ देऊन छापण्याचे वेड लागले ते हिंदुस्थानातून गेलेल्या छापील सुती कापडामुळे आणि येथून गेलेल्या निळीमुळे. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बाजारात हिंदी निळीचे वर्चस्व होते, आणि ती नीळ कशी पिकविली जात होती हे बंगालच्या १८५९-६० च्या निळीच्या उठावाने जगापुढे आणले. १८९७ साली जर्मनीत कारखान्यातील कृत्रिम नीळ विक्रीस आली आणि येथील निळीचा भाव कोसळला. त्या कोसळण्याचा भार मळेवाल्यांनी रयतेवर लोटला. गांधीजी चंपारणात गेले ते १९१७ साली. तेव्हा हंगेरीतल्या एखाद्या खेडवळ बाईचा निळा झगा हातात धरला तर त्यात बिहारी रयतेचा घाम, सॅक्सन रंगाऱ्याची विद्या, गिरणीचे कापड आणि मग्यार शिवणकाम ही चारही एकत्र सापडतात. 'शुद्ध देशी' म्हणून ज्या वस्तू मिरविल्या जातात, त्यांच्या आत असे अनेक देशांचे कष्टकरी बसलेले असतात.

आता या इतिहासाच्या मर्मस्थानी येऊ. १८४८ ने कुळांना जमीन दिली; भूमिहीनांना दिली नाही. बड्या जहागिरी तशाच राहिल्या. लोकसंख्या वाढली तसे भूमिहीन वाढले. बुडापेस्टच्या ईशान्येला, डोंगर आणि मैदान यांच्या सीमेवर मेझोकोवेश्द नावाचे गाव आहे. ते आणि शेजारची सेंतइश्तवान व तार्द ही दोन गावे म्हणजे मात्यो लोकांचा मुलूख. येथील असंख्य कुटुंबे 'शुम्माश' म्हणून जात. वसंतात टोळी बांधायची, मुकादमामार्फत करार करायचा, दूरच्या जहागिरीवर जाऊन कोठारात किंवा गोठ्यात मुक्काम ठोकायचा, सहा-सहा महिने राबायचे, आणि मोबदल्यात मुख्यतः धान्य घेऊन हिवाळ्यात घरी परतायचे. आपल्याकडील ऊसतोडणीच्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक वर्णनाची गरज नाही.

१८९६ साली हंगेरीने मग्यार लोकांच्या या भूमीतील आगमनाची सहस्र वर्षे साजरी केली. बुडापेस्टच्या भव्य प्रदर्शनात निरनिराळ्या प्रांतांतील २४ घरांचे एक खेडेच उभारले होते. त्यात मेझोकोवेश्दचे घर होते. राजधानीने मात्यो भरतकाम पाहिले आणि ती भुलून गेली. पुढच्याच वर्षी, १८९७ साली, कापणीच्या ऐन हंगामात शेतमजुरांचे मोठे संप झाले. त्यावर १८९८ साली जो कायदा आला त्याला लोकांनी 'गुलामीचा कायदा' हे नाव दिले. करार सोडून गेलेल्या मजुराला पोलिसी बळाने कामावर परत आणण्याची आणि संपाला शिक्षेची तरतूद त्यात होती. मंडळी, ही तीन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. ज्या हातांनी भरलेला पदर राजधानीने डोक्यावर घेतला, त्याच वर्गाच्या हातांनी विळा खाली ठेवला तर तो गुन्हा ठरला.

मात्यो भरतकामाविषयी एक दंतकथा सांगतात. सैतानाने एका तरुणाला पळविले. त्याच्या वाग्दत्त वधूने गयावया केली, तेव्हा सैतान म्हणाला, उन्हाळ्यातली सर्वांत सुंदर फुले पदरात घालून आण, मग तुझा माणूस सोडतो. दिवस कडाक्याच्या हिवाळ्याचे. फूल कोठून मिळणार? त्या मुलीने आपल्या पदरावर गुलाब भरले, तो पदर नेऊन दिला आणि माणूस सोडवून आणला. कथा प्रेमाची म्हणून सांगितली जाते. आम्हाला मात्र तिच्यात मेझोकोवेश्दचे अर्थशास्त्र दिसते. हिवाळ्यात शेतात काम नाही, घरात धान्य मोजके, आणि माणूस तारायचा तर बाईने दिव्याच्या उजेडात गुलाब भरायचे, ही तेथील खरी परिस्थिती होती.

या कामाची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. कापडावर नक्षी काढणारी बाई वेगळी असे; तिला 'लिहिणारी बाई' म्हणत. तिच्या रेघांवर भरतकाम करणाऱ्या बायका वेगळ्या. या लिहिणाऱ्या बायकांत सर्वांत नावाजलेली किश्यान्को बोरी (१८७६-१९५४). हंगेरीत आडनाव आधी आणि नाव मागून, म्हणून तिचे नाव बोरी. कातडी अंगरखे शिवणाऱ्या कारागिरांच्या भरतकामातील फुले मात्यो बायकांनी कापडावर आणली, आणि बोरीने त्या गुलाबाला असंख्य रूपे दिली. तिचे घर आज संग्रहालय आहे. परंतु तिने काढलेल्या रेघांवर ज्यांनी हिवाळ्यामागून हिवाळे टाके घातले त्यांची नावे कोणत्याही दारावर नाहीत. शहरातील मागणी वाढली तसा मध्यस्थ व्यापारी आला. कापड त्याचे, सूत त्याचे, नक्षी त्याने सांगितलेली. बाईचे फक्त डोळे आणि बोटे. मजुरी नगावर. विडी कामगार बायकांत आम्ही अनेक वर्षे काम केले आहे. पाने-तंबाखू घरी नेऊन हजारावर मजुरी घेणारी बाई आणि तिच्या मालातून 'छाट' काढून बाजूला टाकणारा माणूस आम्ही रोज पाहिला आहे. त्यामुळे मात्यो बाईची स्थिती समजून घ्यायला आम्हाला शब्दकोश लागला नाही.

याच गावातील आणखी एक प्रकार उद्बोधक आहे. गावच्या तरुण स्त्री-पुरुषांना सोनेरी जरीच्या झगमगीत काठांचे वेड होते. 'पोट गुरगुरले तरी चालेल, अंग चकाकले पाहिजे' अशा अर्थाची म्हणच तेथे आहे. १९२० नंतरच्या दशकात धर्मगुरूंनी या उधळपट्टीविरुद्ध मोहीम उघडली आणि लोकांनी कपड्यांवरची जर काढून तिची जाहीर होळी केली. जरीचा खर्च गरिबाला परवडणारा नव्हता हे खरे. पण शंभर वर्षांपूर्वी स्यूरवर बंदी घालणाऱ्यांनी हेच कारण दिले होते. मजुरी का परवडत नाही हा प्रश्न तेव्हाही निघाला नाही, आताही निघाला नाही.

किश्कुनहालाशची लेस ही तर अगदी जन्मतारीख ठाऊक असलेली 'परंपरा'. १९०२ साली चित्रकलेचे शिक्षक देकानी आर्पाद यांनी आराखडे काढले आणि मार्कोविच मारिया (१८७५-१९५४) या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने ते सुईने प्रत्यक्षात आणले. अवघ्या दोन वर्षांत, १९०४ साली, अमेरिकेतील सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात या लेसला मोठे पारितोषिक मिळाले. सुमारे ६० प्रकारचे टाके तिच्यात येतात. तळहाताएवढ्या तुकड्याला दिवसच्या दिवस लागतात, आणि डोळ्यांची किंमत वेगळीच. मधली वर्षे ओढाताणीची गेली. १९३५ साली गावाने लेससाठी स्वतंत्र घर बांधले तेव्हा कामाला स्थिर छप्पर मिळाले. तीन माशांची खूण हे अस्सल हालाश लेसचे चिन्ह आहे. कला टिकवायची तर नुसते कौतुक पुरत नाही, जागा आणि नियमित काम लागते, हे त्या लहान गावाने दाखवून दिले.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. शहरी सुशिक्षितांनी या कलेसाठी काहीच केले नाही असे नव्हे. ग्यार्माती झिगाने या लेखिकेने ट्रान्सिल्व्हानियातील कालोतासेगचे भरतकाम १८८५ च्या प्रदर्शनात लोकांपुढे आणले. वास्तुशिल्पी लेख्नर ओडन यांनी लोकनक्षी आणि हिंदुस्थानातील वास्तुकला यांचा मेळ घालून १८९६ साली बुडापेस्टचे उपयोजित कलांचे संग्रहालय उभारले. त्यांच्या टीकाकारांनी त्याची टर उडविली, पण इमारत उभी राहिली. १९०१ साली गोदोल्लो येथे चित्रकारांनी वसाहत केली, हातमाग बसविले. त्यांचे गुरू रस्किन, मॉरिस आणि टॉलस्टॉय. रस्किनचे पुस्तक वाचून गांधीजींचे आयुष्य पालटले ते १९०४ साली. तोच झरा दोन दूरच्या देशांत एकाच वेळी पोचला होता. बार्तोक आणि कोदाय हे दोघे संगीतकार तर १९०५-०६ पासून ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन खेड्यांत हिंडले आणि शहराने ज्याला लोकसंगीत मानले होते त्याहून निराळे, जुने शेतकरी संगीत त्यांनी शोधून काढले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. फक्त एवढेच की फूल वाचविण्याची जेवढी तळमळ त्यांच्यापैकी बहुतेकांना होती, तेवढी झाड वाचविण्याची नव्हती.

१९४५ साली जहागिरी मोडून जमीनवाटप झाले. पुढे समाजवादी राजवटीत हस्तकलांच्या सहकारी संस्था निघाल्या. मध्यस्थ व्यापारी गेला. घरबसल्या काम करणाऱ्या बाईला सभासदत्व आणि निवृत्तिवेतनाचा आधार मिळाला. १९५३ पासून 'लोककलेचा उस्ताद' हा सरकारी किताब देण्यात येऊ लागला. कुंभार, कोरीवकाम करणारा, भरतकाम करणारी यांची नावे प्रथमच राष्ट्राने घेतली. कामगार चळवळीतला माणूस म्हणून आम्हाला हे मोलाचे वाटते. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. नक्षी मंजूर करणारी मंडळे आली, उत्पादनाचे कोटे आले, दुकानात हजारो एकसारखे टेबलक्लॉथ साचले. १९५६ साली तर त्याच राजवटीविरुद्ध कामगारांनी आपल्या कामगार समित्या उभारल्या आणि त्या रणगाड्यांनी चिरडल्या गेल्या. करणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचे कल्याण करता येत नाही, हा धडा कारखान्याला लागू आहे तसा भरतकामालाही आहे.

१९७० नंतर शहरातील तरुणांनीच एक नवे वळण दिले. १९७२ साली बुडापेस्टमध्ये 'नृत्यघर' चळवळ सुरू झाली. मुले-मुली खेड्यातील म्हाताऱ्यांकडे जाऊन नाच, वाजवणे, विणणे, कोरणे शिकू लागली. १९८२ साली लोककलाकारांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. १९९० नंतर राजवट बदलली तेव्हा बहुतेक सहकारी संस्था गुंडाळल्या गेल्या आणि कारागीर पुन्हा एकदा बाजारात एकटा उभा राहिला. मात्र या खेपेला त्याच्यापाशी संघ होता. मेझोकोवेश्द येथे १९९१ साली लोककला मंडळ निघाले, त्याने शिकविण्याचे वर्ग चालविले. मात्यो भरतकाम २०१२ साली, आणि निळीचे कापड २०१८ साली युरोपातील आणखी चार देशांबरोबर, युनेस्कोच्या वारसायादीत आले.

यादीत नाव आले म्हणजे काम संपले काय? आमच्या मते नाही. यादी नक्षीचे रक्षण करते. मजुरीचे करीत नाही. आज यंत्रावर भरलेला मात्यो गुलाब जगाच्या कोणत्याही कारखान्यातून काही मिनिटांत निघू शकतो. हाताने भरणाऱ्या बाईला त्याच्याशी भावात स्पर्धा करायला लावणे म्हणजे तिला पुन्हा दिव्याखाली बसविणे होय.

या इतिहासातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, लोककला म्हणजे अज्ञात 'लोकां'ची निर्मिती नव्हे. ती नाव-गाव असलेल्या माणसांची आहे, आणि त्यांचे नाव मालावर असले पाहिजे. दुसरी, कला शिकण्याची सोय आणि कामाचा रास्त दर ही दोन चाके बरोबर चालली तरच गाडी पुढे जाते. एकटे कौतुक हे चाक नव्हे. तिसरी, ज्या ज्या काळी करणारे एकत्र होते, मग ती श्रेणी असो, सहकारी संस्था असो की संघ असो, त्या त्या काळी कलेला थोडीफार उसंत मिळाली. आणि जेव्हा ते सुटे झाले तेव्हा नक्षी राहिली, माणूस खचला.

सैतानाच्या अटीवर त्या मुलीने एकदा पदर भरून दिला, ते तिचे शौर्य होते. दर हिवाळ्याला तीच अट तिच्यापुढे पुन्हा ठेवली जावी का, हा प्रश्न ज्यांच्या घरात असा एखादा सुंदर पदर भिंतीवर लावलेला आहे, त्या सर्वांचा आहे.